डोक्याची जखम आणि मनाचा आजार : दोघांना एकच दार हवं

हे पान बियाण्याचं, खताचं, किडीचं आणि बाजारभावाचं. माझं कामही तेच. पण विस्तार कार्यकर्त्याला बांधावर जाऊन फक्त पीक बघून चालत नाही, पीक घेणारा माणूसही बघावा लागतो. म्हणून आज भात-नाचणी आणि काजू बाजूला ठेवून एका वेगळ्या विषयावर लिहितो आहे. मनाने आजारी असलेल्या माणसाच्या डोक्याला खोल जखम झाली, कवटीतून आत काही घुसलं, तर त्याच्यावर वेळेवर शस्त्रक्रिया होते का? माझं मत स्पष्ट आहे. होत नाही, आणि त्याला डॉक्टर जेवढा जबाबदार त्याहून गाव जास्त जबाबदार आहे.

चंदगड तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. एखादा तरी माणूस असा असतोच, ज्याला लोक 'डोस्कं फिरलेला' म्हणतात. त्याला कोणी उपाशी ठेवत नाही, हे गावाचं मोठेपण. सणाला जेवण मिळतं, थंडीत घोंगडं मिळतं. पण त्याच्या अंगावरची जखम कोणी बघत नाही आणि त्याचं दुखणं कोणी खरं मानत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर १०० प्रौढांत १० ते ११ जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. यात नैराश्यही आलं, चिंतेचा आजारही आला, दारूचं व्यसनही आलं. म्हणजे हा प्रश्न पारावर बसणाऱ्या एकट्यादुकट्याचा नाही. तुमच्या-माझ्या घरातला आहे.

"माझ्या डोक्यात लोखंड आहे"

काही वर्षांपूर्वी माझ्या हद्दीतल्या एका वाडीवर घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. भातकापणीचे दिवस. गव्याच्या भीतीने शेतात राखणीचा माळा घातलेला. घरातला पस्तिशीचा मुलगा, दहा-बारा वर्षांपासून आजारी, कानात आवाज येतात म्हणायचा. रात्री तो माळ्यावरून घसरून खाली मोडक्या कुंपणावर पडला. डोक्याला, केसांच्या आत, बोटाच्या पेराएवढी जखम. रक्त थोडं आलं, थांबलं. आईने हळद दाबली. दुसऱ्या दिवशी तो चालत होता, जेवत होता.

तिसऱ्या दिवसापासून तो सांगायला लागला, "माझ्या डोक्यात लोखंड आहे." लोक हसले. कारण वर्षभरापूर्वी त्याच्या डोक्यात रेडिओ होता आणि त्याआधी कोणी तार घातली होती. हेही त्यातलंच म्हणून सोडून दिलं. आठव्या दिवशी सणसणून ताप आला, उलट्या झाल्या, मग आकडी आली. बेळगावला नेला. एक्स-रे काढला तर कवटीच्या आत दोन इंच लोखंडाचा तुकडा, आणि भोवती पू. शस्त्रक्रिया झाली. पोरगा वाचला, पण डावा हात कायमचा लुळा पडला.

त्याने दहा वेळा खोटं सांगितलं होतं, असं गाव म्हणतं. मी म्हणतो, तो एकदाही खोटं बोलला नव्हता. दहा वेळा आजार बोलत होता, अकराव्या वेळी जखम बोलत होती. दोन्ही ऐकायला आपल्याकडं एकच कान होता आणि तो बंद होता. असं फक्त खेड्यात होतं असंही नाही. शिकलेल्या डॉक्टरांच्या हातूनही मनोरुग्णाचं शारीरिक दुखणं 'मनाचंच असेल' म्हणून राहून जातं, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं आहे.

म्हणून पहिला नियम असा. मनाने आजारी माणूस डोकं दुखतंय म्हणाला, त्याच्या नाकातून-कानातून पाण्यासारखं काही गळायला लागलं, ताप-उलटी-झापड आली, किंवा तो एकाएकी नेहमीपेक्षा जास्त गप्प वा जास्त चिडखोर झाला, तर आधी केस बाजूला करून डोकं तपासा. मग त्याला दवाखान्यात न्या. आत घुसलेल्या जखमेचं तोंड लहान असतं, ते केसांत दडतं. माणूस चालतो-बोलतो म्हणून मेंदू शाबूत आहे असं समजू नका. आणि ही जखम त्याने स्वतः करून घेतली असली तर तो ती लपवण्याचीच शक्यता जास्त. विचारताना रागावू नका, शपथा घालू नका.

घुसलेली वस्तू ओढू नका

आपल्या लोकांचा हात लगेच वस्तू ओढून काढायला जातो. पायात काटा मोडला तर काढायचा, मग डोक्यात सळी घुसली तर का नको? तर त्याचं कारण आपल्याला शेतातच सापडेल. तळ्याच्या बांधात एखादा दगड रुतलेला असतो आणि त्याच्या बाजूने पाणी थेंब थेंब पाझरत असतं. तो दगड उपसला की बांध फुटतो. डोक्यात घुसलेली वस्तू काही वेळा फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरून बसलेली असते. ती ओढली की आत रक्तस्राव सुरू होतो आणि तो बाहेरून थांबवता येत नाही.

वस्तू आहे तिथं राहू द्यावी. हलू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापडाच्या गुंडाळ्या ठेवून पट्टी बांधावी, वस्तूवर दाब देऊ नये. रक्त येत असेल तर कडेने हलकं दाबावं. हळद, कॉफी, तंबाखू, शेण, राख, काहीही भरू नये. शेतातल्या मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, हे आपण जनावरांच्या बाबतीत जाणतो. तोंडाने पाणी-चहा देऊ नये, कारण पुढं भूल द्यायची असते. माणूस बेशुद्ध असेल तर मान न मुरगळता कुशीवर ठेवावा. १०८ ला फोन करावा आणि फोनवर 'डोक्यात वस्तू घुसली आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

सोबत एक वस्तू न विसरता घ्यावी, ती म्हणजे त्याच्या मनाच्या आजाराच्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद. ते कशासाठी, हे पुढं सांगतो.

दवाखान्यात काय होतं

डोक्यात लोखंड असलेल्या माणसाचा आधी एक्स-रे आणि सी.टी. स्कॅन होतो. एम.आर.आय. नावाचं यंत्र जबरदस्त चुंबकाचं असतं, त्यात लोखंड ओढलं जाऊन मेंदू फाटू शकतो. म्हणून आत धातू असण्याची शंका असेल तर घरच्यांनी ती आधी सांगितली पाहिजे. वस्तू मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर रक्तवाहिन्यांचंही चित्र काढतात. सी.टी. स्कॅनचा शोध तसा अलीकडचा. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं असं चित्र निघालं आणि १९७९ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्याआधीचे शल्यविशारद एक्स-रे आणि अनुभवावर काम करत.

मग शस्त्रक्रिया. वस्तू नुसती ओढून काढत नाहीत. तिच्या भोवतालचं हाड कापून उघडतात, डोळ्यांसमोर वस्तू सोडवतात, रक्त थांबवतात, हाडाचे सैल तुकडे, केस, माती धुऊन काढतात आणि मेंदूवरचं आवरण पाणी गळणार नाही असं शिवतात. खोल गेलेला बारीक तुकडा काढताना चांगला मेंदू बिघडणार असेल तर तो तसाच ठेवतात. 'डॉक्टरने अर्धं आत ठेवलं' म्हणून ओरड करण्याआधी हे लक्षात घ्यावं. धनुर्वाताचं इंजेक्शन, जंतुनाशकं आणि आकडी येऊ नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस औषध, हे सगळं त्याच्यासोबत असतं.

ही विद्या युद्धांनी शिकवली. पहिल्या महायुद्धात हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने जखम काळजीपूर्वक साफ करून बंद करण्याची पद्धत बसवली आणि अशा जखमींतलं मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली उत्तर आफ्रिकेत ह्यू केर्न्स यांनी मेंदूच्या जखमांत पेनिसिलिन वापरलं. म्हणजे जगवण्याचा मार्ग शंभर वर्षांपासून माहीत आहे. माणूस त्या मार्गावर वेळेत पोचतो का, एवढाच प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा खरा पेच

धडधाकट माणूस शस्त्रक्रियेनंतर पडून राहतो. मनाने आजारी माणूस पट्टी ओढतो, सलाईन काढतो, उठून चालायला लागतो. त्याला कोणीतरी पुन्हा मारायला आलंय असं वाटत असतं. अशा वेळी हातपाय बांधून ठेवले की काम झालं, असं समजणारे दवाखाने कमी नाहीत. बांधल्याने तो आणखी धडपडतो आणि डोक्यातला दाब वाढतो. त्याला लागतो तो ओळखीचा माणूस उशाशी आणि मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून वॉर्डात. टाके काढल्यानंतर 'एकदा मनाच्या डॉक्टरला दाखवा' अशी चिठ्ठी देऊन भागत नाही. ज्याने जखम स्वतः करून घेतली आहे तो पुन्हा तसं करण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत मोठा असतो. जुन्या जखमेलाच पुन्हा इजा केल्याच्या नोंदीही आहेत.

आता गोळ्यांची पाकिटं का न्यायची ते सांगतो. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी, क्लोझापिनसारख्या, आकडी येण्याची शक्यता वाढते. उलट आकडीवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधाने मनाच्या आजाराची काही औषधं रक्तात कमी पडतात. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी झालं तर विषबाधा होऊ शकते. आणि गोळ्या एकदम बंद पडल्या तर आजार उसळतो. कीटकनाशकं एकत्र मिसळताना आपण कुठलं कशात चालतं ते विचारतो. इथंही तेच आहे. पण शल्यविशारदाला आधीचं औषध माहीतच नसेल तर तो बिचारा काय करणार?

गावात एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, मेंदूचंच ऑपरेशन झालं, मग वेड पण गेलं असेल ना?" नाही. जखमेची शस्त्रक्रिया वेगळी आणि मनाचा आजार वेगळा. एकेकाळी मेंदूचा पुढचा भाग तोडून वेड घालवण्याचा प्रयोग जगभर झाला. १९३५ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी तो सुरू केला, १९४९ साली त्यांना नोबेलही मिळालं. हजारो माणसं त्याने थंड गोळा झाली. १९५० नंतर गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं. आज आपल्या कायद्यात रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी असल्याशिवाय मनाच्या आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करताच येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. डोक्याच्या जखमेने मनाचा आजार येऊ शकतो. १८४८ साली अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून साडेतीन फुटांची पहार आरपार गेली. तो वाचला, बारा वर्षं जगला, पण त्याचा स्वभाव पालटला. शांत माणूस शिवराळ झाला. आपल्याकडंही असा माणूस होऊन गेला. मुंबई पोलिस दलातला एक शिपाई. १९८१ साली अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला, त्यानंतर त्याला मनाचा आजार जडला. १९८५ साली महापालिकेच्या कचेरीत दाद लागली नाही म्हणून त्याने तिथंच जीव देण्याचा प्रयत्न केला. लोकांनी वाचवला, पण पोलिसांनी त्याच्यावरच आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा घातला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी १९८६ साली ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंगाची नाही, उपचाराची गरज असते, हा त्या निकालामागचा विचार. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरवलं खरं, पण विचार मेला नाही.

पोलिसांची भीती

कारण आजही पुष्कळ घरं जखम लपवतात ती 'केस होईल' या भीतीने. ती भीती आता काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य, असं त्यात म्हटलं आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं तेवढं वेगळं कलम आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो ती नोंद असते, घरच्यांवर खटला नव्हे. आणि पोलिस येईपर्यंत हात लावणार नाही असं कोणी डॉक्टर म्हणाला तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ सालचा निकाल सांगा. आधी जीव, मग कागद.

त्याच २०१७ च्या कायद्यात मनाच्या आणि शरीराच्या आजाराला समान वागणूक सांगितली आहे. तातडीची सेवा, रुग्णवाहिका, विमा, सगळं सारखं. मनोरुग्णाला साखळीने बांधणं बेकायदा आहे. तमिळनाडूत एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मनोरुग्णाच्या डोक्यावरच्या कित्येक जखमा त्याने केलेल्या नसतात, दुसऱ्यांनी दिलेल्या असतात. हेही कधीतरी ग्रामसभेत मोठ्याने बोललं पाहिजे.

आपल्या तालुक्याची अडचण

आता चंदगडचं बघू. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याला कोल्हापूरला जायचं तर शंभरावर किलोमीटर. बेळगाव चाळीसेक किलोमीटर, पण राज्य दुसरं. गोव्यात बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था दोन्ही जवळजवळ आहेत, पण घाट उतरून जायचं आणि २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथं शुल्क. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, मात्र जिथं न्यायचं त्या दवाखान्यात योजना चालते का, हे निघतानाच फोनवर विचारून घ्यावं. हद्दीवरच्या माणसाने कुठल्या राज्याच्या दारात मरायचं, हा प्रश्न त्याच्या नातेवाइकांना रात्री दोन वाजता पडू नये.

मेंदूचा शल्यविशारद प्रत्येक तालुक्यात द्या अशी अवास्तव मागणी मी करत नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, ग्रामीण रुग्णालयात ठरावीक दिवशी मानसोपचारतज्ज्ञ यावा आणि तो दिवस गावोगाव माहीत असावा. दुसरी, डोक्याला खोल जखम झालेला रुग्ण कुठं पाठवायचा याचा आराखडा सीमाभागासाठी आधीच ठरलेला असावा, महाराष्ट्र-कर्नाटक-गोवा बघत बसू नये. तिसरी, जिथं शस्त्रक्रिया होते तिथं मनाचा डॉक्टरही असावा. बंगळूरची निम्हान्स ही संस्था १९७४ साली मनोरुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र करून उभी राहिली. तिथं मेंदूचा सर्जन आणि मनाचा डॉक्टर एकाच आवारात बसतात. पन्नास वर्षांपूर्वी तिथं जमलं ते आज कोल्हापुरात निदान फोनवर तरी जमायला काय हरकत आहे?

आणि एक गोष्ट सरकारकडं न मागता आपल्याच हातात आहे. पीक संरक्षणासाठी आपल्या डोंगरभागात परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. घरात कोणी मनाने आजारी असेल, रात्ररात्र जागत असेल, 'आता जगून काय करू' म्हणत असेल, तर बंदूक आणि दारू घरात ठेवू नका. पोलिस ठाण्यात जमा करा. तसंच तणनाशक आणि कीटकनाशक कुलपात ठेवा. वाईट वेळ बहुधा थोडा वेळच टिकते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस निभावून जातो. आणि त्या वेळी बोलायला कोणी हवं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.

कोणी म्हणेल, शेतीच्या पानावर हे कशाला? ज्याच्या घरात असा माणूस आहे त्या शेतकऱ्याला विचारा. त्याची लावण उशिरा होते, भांगलण राहते, कर्ज वाढतं, घरातली बाई चोवीस तास राखणीला बसते. आजारी माणूस वेळेवर बरा झाला तर घरात दोन हात परत येतात. मी बघितलं आहे, औषध नीट चालू असलेली माणसं नांगर धरतात, काजू फोडतात, दूध घालायला डेअरीवर जातात. त्या वाडीवरचा पोरगा आज गोळ्या घेतो आणि एका हाताने का होईना, गुरं राखतो. आठ दिवस आधी नेला असता तर दोन्ही हातांनी राखली असती.

येत्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यांच्या खाली एक ओळ याचीही घाला. आपल्या गावात मनाने आजारी किती, त्यांतले औषधावर किती, आणि रात्री काही झालं तर गाडी कोणाची. एवढी यादी आशाताईंच्या मदतीने एका दुपारी होते.